आधी लोकांना वाट करून दिली, मग स्वतः निघाले : कोलडेलचे शेतकरी बी. बी. यांत्स

कालव्याकाठचा
नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त कॅनडात, आल्बर्टा प्रांतात लेथब्रिजजवळ राहतो. शेजारी कोलडेल नावाचं गाव आहे. सपाट माळ, अखंड वारा, कालव्याचं पाणी आणि शेती. इथे मेनोनाइट लोकांची जुनी वस्ती आहे. त्यांच्यातल्या एका शेतकऱ्याबद्दल बरंच वाचलं आणि ऐकलं. मराठीत त्याच्यावर काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

मेनोनाइट हा सोळाव्या शतकात युरोपात सुरू झालेला ख्रिस्ती पंथ. बाप्तिस्मा मोठेपणी, समजून उमजून घ्यायचा आणि शस्त्र हाती धरायचं नाही, हे त्यांचे दोन मोठे आग्रह. त्यापायी छळ झाला. नेदरलँड्समधले बरेच जण आजच्या पोलंडमधल्या विस्तुला नदीच्या दलदलीत येऊन राहिले. रशियाच्या राणी कॅथरीनने जमीन आणि लष्करातून सूट देऊ केली, तेव्हा १७८९ पासून ते आजच्या युक्रेनमधल्या गवताळ माळावर गेले. खोर्तित्सा आणि मोलोचना या त्यांच्या दोन मुख्य वसाहती.

बेंजामिन यांत्स यांचा जन्म १८७७ चा, मोलोचनातला. पेशाने शिक्षक. क्रांती झाली, मग यादवी युद्ध. माख्नो नावाच्या अराजकवादी पुढाऱ्याच्या टोळ्यांनी गावं लुटली, माणसं मारली. मागोमाग टायफस आणि १९२१-२२ चा दुष्काळ. अशा वेळी दक्षिणेतल्या मेनोनाइटांच्या संघटनेचं अध्यक्षपद १९२१ मध्ये या मास्तरांच्या गळ्यात पडलं. धार्मिक संघटना नव्या सरकारला चालत नव्हती आणि जर्मन म्हणवून घेणं धोक्याचं होतं. म्हणून नाव ठेवलं ‘डच वंशाच्या नागरिकांचा संघ’. पुढची वर्षं या माणसाने खार्कीव्ह आणि मॉस्कोच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. यादी मंजूर करून घ्यायची, ती रद्द झाली की नव्याने अर्ज, अधिकारी बदलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. १९२३ च्या जूनमध्ये खोर्तित्साहून पहिली मोठी तुकडी कॅनडाला निघाली. १९३० पर्यंत सुमारे २० हजार माणसं गेली. ती वाट उघडण्यात इतर अनेकांचे हात होते, पण त्या बाजूने सरकारशी बोलणारा मुख्य माणूस हाच.

स्वतः मात्र थांबले. १९२६ मध्ये अटक होणार अशी कुणकुण लागली तेव्हाच निघाले. कोलडेलला येऊन पन्नाशीच्या उंबरठ्यावर शेती सुरू केली, चर्चची जबाबदारी घेतली आणि १९६४ मध्ये, सत्त्याऐंशीच्या घरात असताना गेले.

माझा प्रश्न असा. घरी बायकामुलं असताना, पहिल्या तुकडीबरोबर निघणं शक्य असताना, तीन वर्षं असं थांबणं तुम्हाला योग्य वाटतं का? मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे, पण या एका गोष्टीपाशी मी अडतो.

मंजिरी_के
फार सुंदर ओळख. उत्तर सोपं नाही. विचार करून लिहिते.

कोरडवाहू
पहिला प्रश्न : कॅनडाने यांना घेतलं कसं? लढायला नकार देणारे लोक महायुद्धानंतर कुणाला हवे होते?

हिशोबनीस
@कोरडवाहू, बरोबर जागी बोट ठेवलंत. १९१९ मध्ये कॅनडा सरकारने हुकूम काढून मेनोनाइटांना देशात यायला बंदीच केली होती. मॅकेंझी किंग यांचं सरकार आल्यावर १९२२ मध्ये ती उठली. सरकारला माळावर शेती करणारे हात हवे होते. रेल्वे कंपनीला तर जास्तच, कारण रुळांलगतची अफाट जमीन तिला विकायची होती आणि धान्य वाहून पैसे कमवायचे होते.

आता दुसऱ्या टोकाच्या माणसाबद्दल लिहिल्याशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही. यांत्स यांनी माणसं बाहेर काढली, तर त्यांना आत घेतलं डेव्हिड टेव्स यांनी. टेव्स १८७० चे, व्होल्गाकाठचे. लहानपणी घरच्यांबरोबर मध्य आशियात गेले, तिथून १८८४ मध्ये अमेरिकेत कॅन्ससला, पुढे कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात. शिक्षक, मग चर्चचे वडीलधारे. १९२२ मध्ये मेनोनाइटांचं वसाहत मंडळ निघालं, कचेरी रॉस्थर्न गावात, त्याचे हे अध्यक्ष.

येणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे तिकिटाचे पैसे नव्हते. टेव्स यांनी कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेशी करार केला : माणसं उधारीवर आणा, परतफेडीला आमचा समाज बांधील. कॅनडातल्या जुन्या मेनोनाइटांपैकी कितीतरी जण भडकले. आमची जमीन गहाण पडेल, ज्यांना आम्ही पाहिलंही नाही त्यांचं कर्ज आम्ही का फेडायचं, असा त्यांचा सवाल होता. तरी टेव्स यांनी सही केली. उधारीचा आकडा पुढे सतरा-अठरा लाख डॉलरपर्यंत गेला. त्यावर व्याज वेगळं.

त्यानंतर आली मंदी आणि १९३० च्या दशकातला सस्कॅचेवानचा दुष्काळ. माती वाऱ्याने उडून गेली, गव्हाला भाव नाही. अशा घरांकडे हप्ता मागायला जायचं होतं. टेव्स वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिले, चर्चाचर्चांतून फिरत राहिले. यातच १९२६ मध्ये त्यांचं घर जळालं आणि एक मुलगी त्या आगीत गेली. रेल्वेने व्याजाचा मोठा हिस्सा सोडला हे तिच्या खात्यावर मांडायलाच हवं. शेवटचा हप्ता नोव्हेंबर १९४६ मध्ये फिटला. फेब्रुवारी १९४७ मध्ये टेव्स गेले.

कोरडवाहू
अंगावर काटा आला. चोवीस वर्षं! आमच्या घरात सोसायटीचं कर्ज तीन पिढ्या पाहिलंय, त्यामुळे हप्ता न भरता आलेल्या घरात काय होतं ते मला सांगावं लागत नाही. आणि जामीनदार राहणं म्हणजे काय तेही. गावात भाऊ भावाला जामीन राहत नाही, हा माणूस हजारोंना राहिला.

प्राजक्त
हिशोबनीस, टेव्स यांच्यावर वेगळा धागा काढाच.

भटकी_मैना
कर्ज ‘समाजाने’ फेडलं असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात त्यातली बरीच रोकड मुलींनी आणली. शेतातून नगद हाती येत नव्हतं, म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या मुली विनिपेग, सस्काटून, व्हँकुव्हर अशा शहरांत श्रीमंतांच्या घरी धुणं-भांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं अशी कामं करायला गेल्या. इंग्रजी येत नाही, शहर कधी पाहिलेलं नाही. त्यांच्यासाठी मेनोनाइट चर्चांनी मुलींची वसतिगृहं काढली. गुरुवारी दुपारी सुट्टी असायची, तेव्हा सगळ्या तिथे जमायच्या, आपल्या भाषेत बोलायच्या, गायच्या. तिथली मावशी नोकरी लावून द्यायची आणि एखाद्या घरात मालकाची नजर वाईट असेल तर तिथे पुन्हा मुलगी पाठवायची नाही.

पगार घरी जायचा आणि तिथून प्रवासाच्या कर्जाकडे. यातल्या कितींचं शिक्षण सुटलं असेल! यांत्स आणि टेव्स मोठेच, पण सेवेला वाहिलेलं आयुष्य म्हणताना या मुली माझ्या डोळ्यांसमोर आधी येतात.

मंजिरी_के
मैनाताई, हे माहीतच नव्हतं. धन्यवाद.

कालव्याकाठचा
@भटकी_मैना, पूर्ण सहमत. आमच्या शेजारच्या आजींची आई अशीच कॅल्गरीत कामाला होती. तिला कुणी कधी विचारलं नाही, असं आजी म्हणतात. पैसे घरी पाठवायचे हे ठरलेलंच होतं.

ऊसपट्टा
कोलडेलला पिकं काय? कालवा आहे म्हणता, मग गहू एके गहू नसणार.

कालव्याकाठचा
बीट, साखरेचं. रेमंड गावी १९२५ मध्ये साखर कारखाना सुरू झाला आणि पुढच्याच वर्षापासून मेनोनाइट कुटुंबं कोलडेलला येऊ लागली. युक्रेनमध्ये ही माणसं गहू पिकवणारी, बागायतीची सवय नाही. बीटाचं बी तेव्हा असं असायचं की एकातून दोन-चार रोपं उगवायची. त्यामुळे विरळणी हातानेच. आखूड दांड्याचं खुरपं घेऊन वाकून चालायचं, दर वितीला एक रोप ठेवायचं, बाकीची काढायची. सगळं घर रांगेत, शाळकरी मुलंसुद्धा. शरदात खणलेलं बीट एका हातात धरून पाल्याचा शेंडा कोयत्याने उडवायचा. त्या कोयत्याच्या टोकाला आकडा असतो, बीट उचलायला. असा एक कोयता आजींच्या पडवीत अजून टांगलेला आहे. मूठ झिजून बोटांचे खळगे पडलेत.

ऊसपट्टा
समजलं. विरळणीने कंबर मोडते. आणि मास्तरकी केलेल्या माणसाने पन्नाशीत हे सुरू केलं म्हणजे कमालच. एक सांगा, अध्यक्ष, चर्चचे पुढारी वगैरे असून पगार काय मिळायचा?

कालव्याकाठचा
त्या काळी त्यांच्या चर्चमध्ये उपदेशकाला पगार नसे. पोट शेतावर आणि सेवा वर. बैठकीला जायचं तर शेतातलं काम घरच्यांवर.

रानवारा
सगळे भारावलेत, त्यात मी जरा वेगळं बोलतो. ती जमीन कुणाची होती? सरकारने आणि रेल्वेने ‘रिकामी’ म्हणून विकली ती आदिवासींकडून आलेली. हिशोबनीस यांनी रॉस्थर्नचा उल्लेख केला. त्याच भागात, लेअर्ड गावाजवळ, यंग चिप्पेवायन या आदिवासी गटासाठी राखून ठेवलेली जमीन होती, राखीव क्षेत्र १०७. सरकारशी झालेल्या सहाव्या तहानुसार त्यांना मिळालेली. १८९७ मध्ये सरकारने त्यांची संमती न घेता ती काढून घेतली आणि वसाहतवाल्यांना दिली. त्यात मेनोनाइट आणि लुथरन (दुसरा एक ख्रिस्ती पंथ) होते. छळातून सुटून आलेल्या माणसांना जी जमीन मिळाली तिच्यावरून दुसरे उपाशीपोटी हुसकावले गेले होते. सेवेच्या कहाण्या सांगताना हे पान फाडून टाकू नये.

हिशोबनीस
रानवारा, पान फाडायचं नाहीच. त्या मेनोनाइट शेतकऱ्यांना हे कुठवर माहीत होतं हा प्रश्न राहतो. नव्यांना बहुधा काहीच सांगितलं गेलं नव्हतं. पण १९७६ मध्ये यंग चिप्पेवायन लोक तिथे आपला हक्क सांगायला आले, तेव्हा तर कळलंच. आधी भीती पसरली. हळूहळू बोलणं सुरू झालं आणि २००६ मध्ये स्टोनी नॉल टेकडीवर तिन्ही समाज एकत्र आले, समजुतीच्या कागदावर सह्या झाल्या. शेतकऱ्यांना हुसकावून आम्हाला जमीन नको, सरकारने न्याय करावा, अशी यंग चिप्पेवायन लोकांची भूमिका आहे आणि त्यासाठी मेनोनाइट व लुथरन मंडळी त्यांच्या बाजूने उभी राहिली.

रानवारा
मोठं मन त्यांचं. माझा मुद्दा तरी तोच राहतो, पण ही माहिती दिलीत ते बरं केलंत.

नागपुरी_तर्री
हावडा-मुंबई मार्गावर बिलासपूरच्या पुढे चांपा स्टेशन लागतं. तिथला कुष्ठरोग्यांचा जुना दवाखाना मेनोनाइटांचा आहे, हे मला तिथे कामानिमित्त जाणं झालं तेव्हा कळलं. तो भाग तेव्हा मध्य प्रांतात, म्हणजे राजधानी आमचं नागपूर. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांनी अमेरिकेतल्या मेनोनाइटांचं लक्ष इकडे वळलं. १८९९ मध्ये त्यांचे पहिले लोक धमतरीला आले. चांप्याचं काम १९०२ पासूनचं, पी. ए. पेनर यांनी उभं केलेलं. हे पेनरसुद्धा दक्षिण रशियात जन्मलेले आणि मग अमेरिकेत स्थलांतरित झालेले. आणि १९०० मध्ये अमेरिकेतून मक्याने भरलेलं ‘क्विटो’ जहाज मुंबईला आलं, त्यात कॅन्ससच्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी दिलेलं धान्य होतं.

धर्मप्रसाराचा हेतू त्यात होता, तो लपवायचं कारण नाही. माझं मत त्याविरुद्धच आहे. पण कुष्ठरोग्याला घरचे गावाबाहेर काढत, त्या काळात ज्याने त्याची जखम धुतली त्याचं ऋण मी नाकारणार नाही.

आज्जीची_गोधडी
तर्रीदादा, शेवटच्या वाक्याला दंडवत.

यांचा धान्य पाठवण्याचा इतिहास मोठा आहे. १९२० मध्ये अमेरिकेत मेनोनाइट सेंट्रल कमिटी निघाली ती युक्रेनमधल्या आपल्याच उपाशी भाऊबंदांसाठी. पहिल्या तुकडीतला क्लेटन क्रॅट्झ नावाचा तरुण तिथे पकडला गेला आणि पुन्हा दिसला नाही. १९२२ मध्ये अन्नछत्रं सुरू झाली, शेजारच्या इतर लोकांनाही जेवण मिळालं. घोडे मेले होते म्हणून ५० फोर्डसन ट्रॅक्टर पाठवले, नांगरटीसाठी. पोट भरणं आणि पुढचं पीक उभं करणं दोन्ही एकदम बघितलं, ते मला फार आवडतं. आजही त्यांच्या बायका गोधड्या शिवतात, काही निर्वासितांना जातात, काही लिलावात विकून मदतीला पैसे उभे करतात. माझ्या आयडीवरून कळलंच असेल मला हे का माहीत आहे.

प्राजक्त
लढायचं नाही म्हणतात, पण माख्नोच्या वेळी काही मेनोनाइट गावांनी बंदुका घेऊन स्वसंरक्षण दल उभारलं होतं ना? यांत्स यांचं त्यावर काय मत होतं?

कालव्याकाठचा
@प्राजक्त, हो, १९१८-१९ मध्ये. बायकामुलींवर अत्याचार होत होते, त्यामुळे उभारणाऱ्यांना दोष देणं मला जड जातं. यांत्स मात्र विरोधात होते. ते दल पुढे समाजाला महागातच पडलं. बदला म्हणून काही गावांत जी कत्तल झाली ती फार भयंकर होती.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा हाच प्रश्न कॅनडात आला. काही मेनोनाइट पुढारी म्हणत, लष्कराशी कसलाही संबंध नको, आमची मुलं जंगलात झाडं लावतील, रस्ते करतील. हजारो तरुणांनी तशी पर्यायी सेवा केली. यांत्स म्हणत, जखमींची शुश्रूषा करायला आमची हरकत नाही. कारण पहिल्या महायुद्धात रशियातल्या हजारो मेनोनाइटांनी हॉस्पिटल गाड्यांवर हेच काम केलं होतं. त्यावरून आपल्याच लोकांशी त्यांचे खटके उडाले. १९४३ मध्ये सरकारने शस्त्र न घेता वैद्यकीय दलात जायची वाट मोकळी केली.

मंजिरी_के
म्हणजे हा माणूस घरीही वाद ओढवून घेत होता. आवडला मला!

जुनी_वही
दोन गोष्टी राहिल्या. एक, निघालेले सगळे पोचले नाहीत. खुपऱ्या असलेल्यांना कॅनडाचे डॉक्टर अडवत. डोळे बरे होईपर्यंत जर्मनीतल्या लेखफेल्डला नाहीतर इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनजवळ ॲटलांटिक पार्कला थांबायचं. आई पुढे, मुलगी मागे, अशा ताटातुटी महिनोन्‌महिने चालल्या.

दुसरी गोष्ट १९२९ ची. रशियातून शेवटची वाट बंद होत होती. हजारो मेनोनाइट घरदार सोडून मॉस्कोच्या आसपास जमले आणि परवाना मागू लागले. कॅनडात टेव्स यांनी दारं ठोठावली. पण मंदी आली होती, सस्कॅचेवानच्या सरकारने नकार दिला. मेनोनाइट आणि इतर जर्मन मिळून सुमारे साडेपाच हजार जर्मनीत पोचले, त्यांतले बरेच पुढे पॅराग्वे आणि ब्राझीलला गेले. उरलेल्यांना गाड्यांत कोंबून परत पाठवलं, कित्येक थेट हद्दपारीत. हे कळल्यावर धाग्यातला प्रश्न मला वेगळा दिसतो. १९२३ ते १९२६ हीच मुख्य उघडी खिडकी होती. यांत्स पहिल्या तुकडीबरोबर गेले असते तर ती किती दिवस उघडी राहिली असती?

ऊसपट्टा
हे मनात घर करणार.

आज्जीची_गोधडी
जरा अवांतर. प्रवासाला ते काय नेत? कुणाला माहीत आहे?

कालव्याकाठचा
झ्वीबाक! एकावर एक बसवलेले दोन पाव, ते भाजून कडक करायचे आणि पोती भरून न्यायचे. आठवडेच्या आठवडे टिकतात. आणि उन्हाळ्यात आजी कलिंगडाबरोबर रोलकुखन वाढतात. मैद्याच्या पट्ट्या, मधे चीर देऊन तळलेल्या. आपल्या बिनसाखरेच्या शंकरपाळ्याच, फक्त वीतभर लांब. पहिल्यांदा बायकोने खाल्ल्या तेव्हा म्हणाली, आता लाल तिखट काढा.

मंजिरी_के
वहिनींना माझा पाठिंबा.

भटकी_मैना
कलिंगडाबरोबर तळण? करून बघते. लाल तिखटाशिवाय.

मंजिरी_के
आता मूळ प्रश्न. मी मुलगी म्हणून बोलते. माझे वडील एका चळवळीत होते. सुट्टीत, सणाला घरी नसायचे. आम्हाला राग यायचा आणि अभिमानही वाटायचा, दोन्ही एकाच दिवशी. यांत्स यांचं थांबणं योग्य होतं असं मला वाटतं. पण ते योग्य ठरवायचा अधिकार त्यांच्या बायकोचा आणि मुलांचा, कारण पोलीस दारात आले असते तर किंमत त्यांनी मोजली असती. तिचं मत कुठे नोंदलेलं असेल तर ते मला यांत्स यांच्या भाषणांपेक्षा आधी वाचायचंय.

रानवारा
मंजिरीताईंशी सहमत. आणि या धाग्यावर माझं एकमत पहिल्यांदाच होतंय.

जुनी_वही
मी तरी ठाम आहे. थांबले ते योग्यच केलं. ज्याला कचेरीतला माणूस न् माणूस माहीत झालाय, ज्याच्या शब्दावर याद्या मंजूर होतायत, त्याला मधेच निघून जाता येत नाही. त्याची जागा घेणारा दुसरा कुणी तयार असता तर गोष्ट वेगळी.

कालव्याकाठचा
सगळ्यांचे आभार. जुनी_वही, खिडकीचा तुमचा मुद्दा मला पटला. मी थांबण्याकडे फक्त घरच्या बाजूने बघत होतो. मंजिरीताई, बायकोचं मत शोधतो. आजी पुढच्या रविवारी चर्चच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या बाईंशी गाठ घालून देणार आहेत. पत्रं जर्मनमध्ये आहेत, जुन्या लिपीत. इथे कुणाला ती लिपी वाचता येत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

हिशोबनीस
माझ्या बहिणीला थोडी येते, पुण्याला जर्मन शिकवते. फोटो पाठवा, विचारतो तिला.